मैदानात उतरलेल्या खेळाडूनं निषेध केला की आपल्याला नेमकं काय खुपतं?

सीमेवरचा_वाचक

कुणी खेळाडू तोंड उघडतो न उघडतो तोच आपल्याकडं वाक्य तयार असतं, "खेळात राजकारण आणू नका." व्हॉट्सॲपवर तेच, इथं बेळगावात पहिल्या रेल्वे गेटपाशी चहा पिताना तेच. मला ह्यावर नीट बोलायचंय म्हणून धागा काढतोय, लांब झालाय, सांभाळून घ्या.

ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या उस्मान ख्वाजाचं बघा. डिसेंबर २०२३, पर्थची कसोटी, समोर पाकिस्तान. सरावाला त्यानं जे बूट घातले त्यावर सगळ्यांचे जीव सारखेच, स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क, अशा अर्थाच्या ओळी होत्या. गाझात जे चाललं होतं त्याबद्दल. आयसीसी, म्हणजे जगाचं क्रिकेट चालवणारी संस्था, म्हणाली हे चालणार नाही. मग त्यानं ओळींवर टेप चिकटवली आणि दंडाला काळी पट्टी बांधून खेळला, तर पट्टीबद्दलही ताकीद. पुढच्या मेलबर्न कसोटीला कबुतर आणि ऑलिव्हच्या फांदीचं चित्र लावतो म्हणाला, तेही नको.

आता ८ मार्च २०१९, रांची. पुलवामानंतर आपला संघ लष्करी टोप्या घालून उतरला, त्या सामन्याचं मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही, बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, इथं घराघरातनं कुणीतरी फौजेत आहे, माझा सख्खा मामा होता. पण त्या टोप्यांना आयसीसीनं रीतसर परवानगी दिलेली हे विसरू नका. त्याच सामन्यात ह्याच ख्वाजानं १०४ काढल्या आणि आपण ३२ रननी हरलो. म्हणजे मैदानात भावना दाखवायला बंदी नाहीये, कुणाची भावना चालणार हे ठरवणारे वर बसलेत एवढंच. बोर्डानं केलं की आदर, एकट्यानं केलं की राजकारण. १९७४ ला डेव्हिस कपच्या फायनलला आपला संघ पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका, वर्णभेदाचं सरकार, म्हणून भारत खेळलाच नाही, कप सोडून दिला. त्याचा आपण आजही अभिमानच सांगतो की.

सगळ्यात मला हलवून सोडलेलं उदाहरण झिम्बाब्वेच्या हेन्री ओलोंगाचं. सचिननं शारजात धुतला तोच ओलोंगा, आपल्याला तेवढंच माहीत असतं. १० फेब्रुवारी २००३, वर्ल्ड कप, हरारे, नामिबियाविरुद्ध मॅच. ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर काळ्या पट्ट्या बांधून उतरले आणि आधी पत्रक काढलं की आमच्या देशात लोकशाही मेली आहे, तिचा हा शोक. मुगाबेचं राज्य होतं, स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच मैदानावर. ओलोंगा झिम्बाब्वेकडून खेळलेला पहिला काळा क्रिकेटर, वय जेमतेम २६. जिवाला धोका झाला, देश सोडून इंग्लंडला जावं लागलं, करिअर तिथंच संपलं.

माझं म्हणणं सरळ आहे. जो स्वतःच्या नावानं, स्वतःच्या जबाबदारीवर, समोरच्याच्या खेळाला धक्का न लावता निषेध करतो त्याला मैदानातनं हाकलायचा हक्क कुणाला नसावा. तुमचं काय ते बोला.

लेले_ग्राउंडचा_विंगर

सीमेवरचा दादा, तुमचं वाचायला चांगलं वाटतं पण मी पटवून घेऊ शकत नाही. मी इथं लहानपणापासून फुटबॉल खेळतोय, आमच्या टीममध्ये मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारे सगळे, पास दे म्हणताना कोण कुठल्या भाषेत ओरडतंय ते लक्षातसुद्धा येत नाही, शाळा वेगळ्या, मोहल्ले वेगळे, निवडणुकीत तर विचारूच नका, एवढं एक ग्राउंड आहे जिथं तासभर आपण त्या सगळ्यातनं सुटतो, आणि तिथंही तुम्ही पट्टी आणणार, झेंडा आणणार. ऑस्ट्रेलिया, झिम्बाब्वे लांब आहेत हो. आपल्या गावात उद्या एकानं केलं की दुसरा करणार, आणि तिसऱ्या दिवशी ग्राउंडवर पोलीस व्हॅन. मला खेळू द्या.

तालमीतला

विंगर, तुझी तळमळ कळतीया बाळ. कुस्तीचंही तसंच आहे. यात्रेच्या मैदानाला कोल्हापूरचा पैलवान येतो, दावणगेरीचा येतो, हरियाणाचा येतो, हलगी सुरू झाली की लाल मातीत कोण कुठला ते कुणी विचारत नाही, निकाली कुस्ती झाली की टोपीत पैसे पडतात दोघांच्याही.

पण एक सांगतो. "बाहेर करा, मैदानात नको" हे जे म्हणतात ना, ते बाहेर करणाऱ्यांचं काय झालं ते बघितलंय आपण. विनेश, साक्षी, बजरंग ह्या पोरांनी मॅटवर काहीच केलं नव्हतं. जानेवारी २०२३ ला जंतरमंतरवर बसले, फेडरेशनच्या अध्यक्षावर पोरींचा छळ केल्याचे आरोप होते. शांतपणे बसले. २८ मे ला फरफटत उचलून व्हॅनमध्ये घातलं. ३० तारखेला हरिद्वारला गंगेत पदकं सोडायला निघाले, शेतकरी नेत्यांनी अडवलं म्हणून राहिली ती. डिसेंबरला साक्षीनं पत्रकार परिषदेत टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. आमच्यात बूट काढून ठेवणं म्हणजे काय ते तालमीत घाम गाळलेल्यालाच कळणार, मी दोन दिवस नीट जेवलो नाही. ऑलिंपिकचं पदक आणलेली पोरगी ती. तिला पण लोकांनी हेच सांगितलं, राजकारण करू नको, खेळाकडं लक्ष दे. म्हणजे आत केलं तरी चूक, बाहेर केलं तरी चूक. मग करायचं कुठं?

शहापूरची_मास्तरीण

तालमीतले काका, अगदी मनातलं बोललात.

१९६८ च्या ऑलिंपिकचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, दोन काळे धावपटू, हवेत मुठी. मी नववीच्या मुलांना दाखवते तेव्हा तिसऱ्याकडं बघायला सांगते. मेक्सिको सिटी, १६ ऑक्टोबर, २०० मीटर. टॉमी स्मिथ पहिला, १९.८३ सेकंद, जागतिक विक्रम. जॉन कार्लोस तिसरा. पायात बूट नाहीत, फक्त काळे मोजे, अमेरिकेतल्या काळ्यांच्या गरिबीसाठी. कार्लोसनं जॅकेटची चेन उघडी ठेवलेली, ती कष्टकरी माणसांसाठी. एकेका गोष्टीमागं विचार होता. आणि दुसरा आलेला गोरा ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन, तो मूठ न उगारता सरळ उभा आहे, पण त्याच्याही छातीवर मानवी हक्कांचा तोच बिल्ला आहे. त्यानं तो मागून घेतला. कार्लोस हातमोजे खोलीवर विसरला तेव्हा एकच जोडी दोघांत वाटून घ्या हे सुचवणाराही नॉर्मनच, म्हणून एकाची उजवी मूठ वर आहे आणि दुसऱ्याची डावी.

स्मिथ आणि कार्लोसला ऑलिंपिक गावातनं बाहेर काढलं. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज, १९३६ ला बर्लिनमध्ये नाझी सलाम चालला तेव्हा हेच गृहस्थ अमेरिकेच्या समितीचे प्रमुख होते आणि त्यांना त्यात काही गैर दिसलं नव्हतं. नॉर्मनला १९७२ च्या म्युनिकला नेलं नाही. त्या दिवशीची त्याची २०.०६ ची वेळ ऑस्ट्रेलियात ५६ वर्षं कुणाला मोडता आली नाही, २०२४ च्या डिसेंबरात गाउट गाउट नावाच्या शाळकरी मुलानं मोडली. २००६ ला नॉर्मन गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस अमेरिकेहून येऊन शवपेटीला खांदा द्यायला उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं माफी मागितली ती २०१२ ला.

विंगर, तुझ्या टीममध्ये वेगवेगळ्या भाषेची मुलं आहेत म्हणतोस ना, मला तिथं नॉर्मन महत्त्वाचा वाटतो. ज्याचं दुखणं नाही तो बाजूला उभा राहिला.

खानापूर_जंगलपट्टी

मला आणखी एक माणूस आठवतो, फेयिसा लिलेसा. रिओ २०१६, मॅरेथॉन. किपचोगे पहिला, हा दुसरा. फिनिश लाईनला येताना दोन्ही मनगटं डोक्यावर एकमेकांवर धरून आला, बांधलेल्या हातांची खूण. तो इथिओपियातला ओरोमो. राजधानी अदिस अबाबाची हद्द आजूबाजूच्या ओरोमो शेतकऱ्यांच्या जमिनींवर वाढवायचा आराखडा आला, तिथनं आंदोलन पेटलं, लोक मारले गेले. ओरोमोंची भाषा वेगळी, कारभाराची भाषा वेगळी. ही बातमी मी तेव्हा वाचली आणि खरं सांगतो अंगावर काटा आला, आपल्याकडं हलगा-मच्छे बायपासला तीनतीन पिकं येणारी जमीन जायची वेळ आली तेव्हा शेतकरी रस्त्यावर झोपले होते आणि सात-बाऱ्याच्या कागदावर काय लिहिलंय तेही वाचता येत नाही अशी तक्रार अजून प्रत्येक तहसील ऑफिसात ऐकायला मिळते. तुलना रक्ताची नाही, तिथं माणसं मेली, ते मला कळतं. पण आपली जमीन आणि आपली भाषा एकदम जाताना कसं वाटतं ते आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

लिलेसा परत मायदेशी गेलाच नाही. बायको, मुलं मागं. नंतर ती त्याच्याकडं अमेरिकेला आली. सरकार बदललं तेव्हा २०१८ च्या ऑक्टोबरात तो घरी परतला. ऑलिंपिकचं रौप्यपदक जिंकलेल्या माणसाला दोन वर्षं स्वतःच्या गावात जाता आलं नाही.

टेनिस_बॉल_कॅप्टन

सगळ्यांचं वाचतोय, इंग्रजी नावं मला जास्त माहीत नाहीत पण आमच्याकडं जे झालं ते सांगतो मग बोला.

आमच्या तालुक्यातली टेनिस बॉल स्पर्धा, गावाचं नाव घेत नाही. सामने पुढं ढकलत ढकलत आमचा सामना नेमका १ नोव्हेंबरला आला. आता १ नोव्हेंबर म्हणजे काय ते बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांना सांगायला नको, एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, पिवळे-लाल झेंडे, डीजे, आणि आपल्याकडं १९५६ ला हा मराठी भाग त्या राज्यात घातला म्हणून तेव्हापासून काळा दिन, संभाजी उद्यानातनं काळे शर्ट घालून सायकल फेरी. आमच्यातली काही पोरं म्हणाली फेरी चुकली तर चुकली, काळी रिबन तरी बांधून खेळू. शिंप्याकडनं रिबन आणली, सकाळी पीचवर पाणी मारता मारताच बांधल्या. आमचा ओपनिंग बॉलर कन्नड, घरात कन्नडच बोलतात, तो म्हणाला मी नाही बांधत पण तुमची गाठ सुटतीया, थांबा, आणि स्वतः ओढून बांधून दिली एकाला. मी कुणालाच बांध पण म्हटलं नाही, सोड पण म्हटलं नाही.

टॉसला गेलो तर कमिटीतला एकजण आला, म्हणाला काढा नाहीतर टॉस होणार नाही. मी विचारलं नियमात कुठं आहे दाखवा. म्हणाला नियम मीच. तेवढ्यात बाउंड्रीवरनं आपलीच माणसं आमच्या बॉलरला नावं ठेवायला लागली, ह्यानं का नाही बांधली म्हणून, आईवरनं शिव्या दिल्या. त्यानं तोंड खाली घातलं. मला कमिटीचा तेवढा राग नाही आला जेवढा ह्याचा आला. मी टीमला गोळा केलं, म्हटलं रिबन काढून खिशात ठेवा, आपण खेळूया, नाहीतर हा पोरगा परत आपल्यात येणार नाही. काहींनी काढल्या, एकानं काढली नाही, तो खेळलाच नाही, स्कोअररपाशी बसून राहिला रिबन बांधून.

त्या बसून राहिलेल्या पोराबद्दल मला आदर आहे आणि बॉलरबद्दल पण आहे. दोन्ही कसं धरायचं ते सांगा.

कोर्टकचेरी

कॅप्टन, दोन्ही धरता येतं, तुम्ही धरलंतच की.

तुमच्या बॉलरचा मुद्दा दक्षिण आफ्रिकेत अगदी वरच्या पातळीवर झालाय. २६ ऑक्टोबर २०२१, टी-२० वर्ल्ड कप, वेस्ट इंडिजविरुद्ध मॅच. ऐन वेळी त्यांच्या बोर्डानं फर्मान काढलं, वंशभेदाच्या निषेधाला सगळ्यांनी गुडघा टेकायचा. क्विंटन डी कॉकनं मॅचच सोडली. दोन दिवसांनी त्यानं सांगितलं की माझ्या सावत्र बहिणी, सावत्र आई गोऱ्या नाहीत, मला वंशवादी समजू नका, पण हुकमानं करायला लावलं ते मला लागलं. पुढच्या मॅचला टेकला गुडघा. तो बरोबर होता का ह्यावर वाद होऊ शकतो. पण सक्तीनं केलेला निषेध हा कवायतीचा प्रकार झाला ह्यात मला शंका नाही. ओलोंगानं आख्ख्या टीमला पट्ट्या वाटल्या नव्हत्या.

नियमाचं म्हणाल तर ऑलिंपिकचा पन्नासावा नियम आहे, प्रचार आणि निदर्शनांना बंदी. २०२१ ला थोडा सैल केला, सामना सुरू व्हायच्या आधी मैदानावर मत दाखवता येतं, पदकाच्या ओट्यावर नाही. टोकियोत बायकांच्या फुटबॉल टीम गुडघ्यावर बसल्या त्या ह्याच सवलतीत. म्हणजे जग "सगळं बंद" वरनं हळूहळू सरकतंय. आपल्या गावच्या कमिट्यांकडं लेखी काहीच नसतं, आणि जिथं लेखी नसतं तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम.

गोकाकचा_बसू

नमस्कार सगळ्यांना. माझी मातृभाषा कन्नड, शिकायला बेळगावात होतो म्हणून मराठी लिहितो, चुकलं तर समजून घ्या.

कॅप्टन अण्णा, तुमच्या बॉलरच्या जागी मी असतो तर मी पण बांधली नसती आणि गाठ पण मारून दिली असती. माझ्यासाठी १ नोव्हेंबर सणाचा दिवस आहे, घरी होळिगी करतात. माझा मित्र त्या दिवशी दुःखी का असतो ते मला माहीत आहे, त्याच्या आजोबांनी सत्याग्रहात लाठ्या खाल्ल्यात, त्यांच्याकडूनच ऐकलंय. मला ते खोटं वाटत नाही. त्यानं पट्टी बांधून माझ्याबरोबर खेळावं, माझं काही जात नाही.

पण सीमेवरचा सर, तुम्हाला एक सरळ प्रश्न. माझ्या बाजूच्या एखाद्या पोरानं त्याच दिवशी मनगटाला पिवळा-लाल दोरा बांधला तर तुमच्या गावची माणसं त्याला खेळू देतील का? तुम्ही धाग्यात जे लिहिलं ते त्याला पण लागू आहे का?

सीमेवरचा_वाचक

बसू, लागू आहे. पूर्ण लागू आहे, आणि माझ्या गावात कुणी त्याला अडवलं तर मी मध्ये उभा राहीन. माझ्या पट्टीला जागा मागायची आणि तुमच्या दोऱ्याला बघून भुवया उंचवायच्या असं मला करता येणार नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथं काय व्हायचं ते होईल, तोवर आपल्याला एकाच पीचवर खेळायचंय.

फक्त एक फरक मी धरतो. स्वतःचं दुःख किंवा अभिमान दाखवणं वेगळं, आणि समोरच्याला हिणवणं वेगळं. पट्टी, दोरा, मूठ, गुडघा, सगळं चालेल. समोरच्याच्या भाषेला शिवी देणारी घोषणा शर्टावर आली तर मी पण काढायला लावीन.

आणि निषेध कसा करायचा हे समोरच्याशी बोलून ठरवता येतं, ह्याचंही उदाहरण आहे. कॉलिन कॅपरनिक, अमेरिकन फुटबॉल, २०१६. काळ्यांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध तो आधी राष्ट्रगीताला बाकावर बसून राहायचा. नेट बॉयर नावाचा माजी सैनिक त्याला म्हणाला बसू नको, आम्हाला लागतं, त्यापेक्षा गुडघा टेक, आम्ही पडलेल्या सोबत्यासाठी तसाच टेकतो. त्यानं ऐकलं. पुढं सगळ्या जगानं उचललं ते रूप त्या दोघांच्या बोलण्यातनं आलंय.

लेले_ग्राउंडचा_विंगर

कॅपरनिकचं पुढचं पण सांगा ना दादा. त्या सीझननंतर त्याला एकाही टीमनं घेतलं नाही. ओलोंगा देशोधडीला लागला, नॉर्मनला घरी बसवलं, लिलेसा दोन वर्षं बाहेर. ही सगळी मोठी माणसं. आमच्यातला एखादा पोरगा धारवाड झोनच्या निवडीला जातो, बाप गवंडी, बूट उसने आणलेले, त्यानं पट्टी बांधायची आणि तुम्ही फोटो स्टेटसला लावणार, आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत आलं नाही तर कुणाकडं जायचं त्यानं? कारण कधीच सांगत नाहीत, भीती तेवढी राहते. मी निषेधाच्या विरोधात नाही हो, बसूनं लिहिलेलं मला आवडलं. मी त्या पोराच्या बाजूनं बोलतोय.

शहापूरची_मास्तरीण

विंगर, म्हणूनच कुठल्याच पोराला सांगायचं नाही. शाळेतल्या मुलाला तर नाहीच. त्याला स्वतःला वाटलं, घरच्यांशी बोलला, परिणाम समजून घेतले आणि तरी बांधली, तर ती त्याची. आणि मग आपण मोठ्यांनी मागं उभं राहायचं, म्हणजे स्टेटस नव्हे, त्याच्या बुटांचे पैसे, प्रवासाचा खर्च, निवड समितीला सही करून लेखी पत्र की ह्या मुलाचा खेळ बघा. आपल्याकडं भाषणाला हजार माणसं येतात आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी कुणी जात नाही. मला राग आहे तो ह्याचा.

तालमीतला

बाईंचं खरं आहे. साक्षीनं बूट ठेवले तेव्हा किती वस्ताद उठून उभे राहिले? मोजून थोडे. ज्यांना फेडरेशनकडनं काय मिळायचं होतं ते गप्प बसले.

कोर्टकचेरी

कॅप्टन, कामाचं बोलूया. पुढच्या स्पर्धेचं पत्रक छापाल त्यात हे आधीच घाला. पट्टी, रिबन, दोरा ज्याला बांधायचा त्यानं बांधावा, कुणावर सक्ती नाही. विरोधी संघाला, भाषेला, धर्माला, जातीला हिणवणारा मजकूर चालणार नाही. चेंडू दिसायला किंवा खेळायला अडचण होईल असं काही नको, ते पंच ठरवतील. आणि बाउंड्रीवरनं कुठल्या खेळाडूला बांधली म्हणून किंवा नाही बांधली म्हणून शिवीगाळ झाली तर सामना थांबणार, त्या माणसाला बाहेर काढल्याशिवाय सुरू होणार नाही. मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा, दोन्ही संघांच्या कॅप्टनची सही एन्ट्री फी घेतानाच घ्या. कन्नड मजकूर बसूअण्णा करून देतील का?

गोकाकचा_बसू

देतो की. मराठी पक्कं करून इथं टाका.

टेनिस_बॉल_कॅप्टन

वकीलसाहेब, शेवटचा मुद्दा सगळ्यात वर घ्या. कमिटीतले दोघं तयार आहेत, तिसरा तोच आहे जो म्हणाला नियम मीच, त्याच्याकडं मी आणि आमचा बॉलर दोघं मिळून जाणार आहोत. नाही म्हणाला तर स्पर्धा आमची आम्ही भरवू, ग्राउंड पंचायतीचं आहे. एन्ट्री फी किती ठेवायची तेवढं सांगा, बक्षिसाला ट्रॉफी एकानं कबूल केलीया.